लेकुरवाळीची लिंगपूजा



माघी पौर्णिमेला उळवीच्या चन्नबसवेश्वरांच्या यात्रेला जे बैलगाडीने गेले आहेत, त्यांना कुळगीचे रान सांगावे लागत नाही. दांडेली मागे पडली की दहा-बारा किलोमीटरवर हे लहानसे गाव येते. साग, ऐन, बांबू, मध्येच वनखात्याचे शिबिर, आणि जागोजागी सावध राहण्याच्या पाट्या. अंशी आणि दांडेली ही दोन राने मिळून २००७ साली व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला आणि २०१५ साली त्याला काळी नदीचे नाव मिळाले. तोच हा मुलूख. पूर्वी सुपे तालुका म्हणत तो आजचा जोयडा. जुने सुपे गाव धरणाच्या पाण्याखाली गेले. येथे वस्त्या पांगलेल्या, घरे रानात आणि शाळा लांब.

बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात याच रानाच्या आसऱ्याला शरण आले. कल्याणात हरळय्या आणि मधुवरस यांच्या मुलामुलीचे लग्न झाले, त्याची शिक्षा म्हणून त्या दोघांना हाल करून मारले, आणि मग शरणांना कल्याण सोडावे लागले. वचनांच्या ताडपत्रांचे गठ्ठे उराशी धरून, पाठीवर सैन्य घेऊन त्यांच्यातला एक मोठा गट उळवीकडे आला, असे परंपरा सांगते. त्या गटाचे पुढारपण तरुण चन्नबसवण्णांकडे होते. त्यांना आपण अविरळज्ञानी म्हणतो. अनुभव मंटपाच्या शून्यसिंहासनावर अल्लमप्रभूंच्या नंतर ते बसले. हे सर्व आपण प्रत्येक प्रवचनात सांगतो. त्या वाटेवर त्यांच्यासोबत त्यांची आई चालत होती, हे मात्र सांगायचे राहून जाते.

त्या अक्कनागम्मा. बसवण्णांची थोरली बहीण. उळवीत आजही त्यांच्या नावाची गवी आहे. मुलाची म्हणून आज सतराशेहून अधिक वचने सापडतात. आईची, बसवण्णप्रिय चन्नसंगय्य या अंकिताची, पंधराच्या आसपास. हे दोन आकडे आम्ही आजवर किती वेळा सांगितले असतील याची मोजदाद नाही. त्या दोन आकड्यांमध्ये काय दडले आहे, हे मात्र आम्हाला अलीकडच्या एका यात्रेत कुळगीच्या दुपारी कळले, आणि तेही एका लेकुरवाळीने विचारले म्हणून कळले.

बैलांना वैरण टाकली होती. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि ताक असा प्रसाद झाला होता. झाडाखाली माणसे आडवी झाली होती. तेवढ्यात सीमाभागातील एक बाई, कडेवर दीड वर्षाचे मूल घेऊन, आमच्यापुढे येऊन बसली. मागे आणखी दोन मुलगे, एक लहान मुलगी. आणि जरा अंतरावर चौदा वर्षांची थोरली, भांडी घासत.

ती म्हणाली, "अप्पाजी, पाच लेकरं आहेत मला. पहाटे चारला उठते. म्हशीची धार, चूल, सासऱ्यांचं पथ्य, शेतावरची भाकरी. दहाला पोरांना घेऊन बसते शिकवायला. घरीच शिकवते त्यांना. दुपारी धुणं, संध्याकाळी पुन्हा चूल. माझ्या गळ्यात लिंग आहे, पण ते तळहातावर घेऊन महिना झाला. माहेरी असताना एक दिवस चुकत नव्हता. मी वाईट झाले का?"

घरी का शिकवतेस, असे आम्ही विचारले. तिची हकीकत अशी. वस्ती मळ्यात. गावातली शाळा चौथीपर्यंत, पुढची सात किलोमीटरवर. २०२० च्या मार्चमध्ये सगळ्या शाळा बंद पडल्या. त्या वर्षी कर्नाटकात शिक्षकांनी 'विद्यागम' म्हणून गावोगावी देवळाच्या कट्ट्यावर, झाडाखाली मुले गोळा करून शिकवले, पण ऑक्टोबरात तेही थांबले. घरात एकच मोबाईल, तो नवऱ्याच्या खिशात. ही स्वतः दहावी पास, मराठी शाळेतली. तिने चुलीशेजारच्या भिंतीवर खडूने पाढे लिहिले. शाळा उघडल्या तेव्हा मधला मुलगा मागे पडलेला. वर्गात त्याला वेगळे बसवले, पोरे हसली. तो परत जाईना. हिने ठरवले, आता घरीच. धाकटी मुलगी तर शाळेत गेलीच नाही.

आणि आम्ही तिला काय सांगितले? लाज वाटते, पण सांगतो. आम्ही तिला नुलिय चंदय्यांची कथा सांगितली.

चंदय्या गवत कापून त्याचे दोर वळत, दोर विकून आलेल्या पैशात जंगमदासोह करीत. एकदा तळ्याकाठी गवत कापताना गळ्यातले लिंग पाण्यात पडले. चंदय्यांनी ते उचललेही नाही. भारा उचलला आणि चालू लागले. लिंग मागे मागे आले, विनवू लागले. मडिवाळ माचय्या मध्ये पडले. चंदय्या म्हणाले, कायक चुकवायची सवलत लिंगालाही नाही. शेवटी लिंगाने दोर विकायचे ठरले, तेव्हा कुठे समेट झाला. शून्यसंपादनेत ही कथा सविस्तर आली आहे. ती सांगून आम्ही मोठ्या समाधानाने म्हणालो, "अक्का, तुझी चूल हीच तुझी पूजा. लिंग तुझ्या कामातच आहे. काळजी करू नकोस."

बाईने मान डोलावली. पण तिचा चेहरा खुलला नाही. उत्तर मिळाले की माणूस हलका होतो. ही अधिकच जड झाली. तिने मूल एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतले आणि उठू लागली.

शेजारी एक अज्जी सुपारी कातरत बसल्या होत्या. वय पंच्याहत्तरीच्या पुढचे. त्या आमच्याकडे न बघताच बोलल्या, "अप्पाजी, चंदय्यांच्या मागं लिंग लागलं होतं. आमच्या मागं भांडी लागतात."

लोक हसले. आम्हीही हसलो. अज्जी हसल्या नाहीत. "दोर वळला, विकला, चंदय्यांचं काम संपलं. चुलीचं काम कधी संपलंय? आणि चंदय्यांनी लिंग स्वतः सोडलं होतं. हिनं सोडलेलं नाही, हिच्या हातातून काढून घेतलंय. दोन्ही गोष्टी एकच कशा?"

सद्भक्त हो, आम्ही चाळीस वर्षे वचनांचे निरूपण करतो. त्या प्रश्नाला आमच्याकडे लगेच उत्तर नव्हते. ती बाई अर्धवट उठलेली, तिला आम्ही हातानेच बसायला सांगितले आणि काही वेळ गप्प राहिलो. पुढे जे बोललो ते येथे जरा सविस्तर लिहितो. कारण त्या झाडाखाली जेवढे सुचले त्यापेक्षा नंतरच्या मुक्कामांत अधिक उमगले.

कायक म्हणजे नुसते काम नव्हे, हे आपण जाणतो. पण मग काय? आयदक्की लक्कम्मांची कथा घ्या. पती मारय्या कल्याणात शरणांच्या अंगणात सांडलेले तांदूळ वेचून आणीत. एक दिवस त्यांनी रोजच्यापेक्षा जास्त आणले. लक्कम्मांनी ते घरात घेतले नाहीत. जास्तीचे परत टाकून या म्हणाल्या. या कथेतून निर्लोभ वृत्ती सांगतात, ती आहेच. पण घराची रचना पाहा. तांदूळ वेचून आणणारा कोण? पती. काय आणि किती आणायचे हे ठरवणारी कोण? पत्नी. मारय्या शरणांच्या चर्चेत रंगून कामाची वेळ विसरले, तेव्हा त्यांना उठवणारीही तीच. त्या घरात काम दोघांचे होते, विचार दोघांचा होता, दासोहही दोघांचा होता. कायक हा शब्द त्या घराला शोभतो. जिथे एकीने राबायचे आणि बाकीच्यांनी तिच्या राबण्याला मोठे नाव द्यायचे, त्या घराला तो शोभत नाही. आम्ही त्या बाईला नाव दिले होते. वेळ दिला नव्हता.

दुसरी गोष्ट इष्टलिंगाची. आपल्या धर्मात देव आणि भक्त यांच्यामध्ये पुजारी नाही. मंदिरात पुजाऱ्याने पूजा केली आणि आपण नमस्कार केला, असे आपल्याकडे होत नाही. ज्याच्या गळ्यात लिंग त्यानेच ते डाव्या तळहातावर घ्यायचे, भस्म लावायचे, बेल वाहायचे, त्याच्यावर नजर स्थिर करायची. पती पत्नीकरिता हे करू शकत नाही, आई लेकराकरिता करू शकत नाही, गुरूही शिष्याकरिता करू शकत नाही. मग नीट विचार करा. घरातले प्रत्येक काम दुसऱ्या कोणाला तरी करता येते. भाकरी दुसरा भाजू शकतो, म्हशीची धार दुसरा काढू शकतो, पाढे दुसरा म्हणून घेऊ शकतो. एकच गोष्ट दुसऱ्याला करता येत नाही, ती म्हणजे तिची लिंगपूजा. आणि नेमकी तीच आपण सर्वांत आधी सोडायला लावतो, कारण ती सोडली तर घरात कोणाचे अडत नाही. भांडी राहिली तर ओरड होते. पूजा राहिली तर कोणाला कळतही नाही. तिने स्वतः महिनाभर कोणाला सांगितले नव्हते.

येथे त्या बाईने आणखी एक गोष्ट हळूच सांगितली. प्रत्येक बाळंतपणात सासूबाईंनी तिला विटाळ म्हणून लिंग हातात घेऊ दिले नाही. पाच बाळंतपणे. शिवाय दर महिन्याचे चार दिवस. मोजून पाहा, तिच्या संसारातला किती काळ असाच गेला. आणि खंड पडला की पुन्हा बसणे कठीण जाते, हे ज्याने कधी नेम धरला त्याला ठाऊक आहे.

आता हे लिंगायताच्या घरात घडावे, याला काय म्हणावे? जननसूतक, मरणसूतक, रजःसूतक, उच्छिष्टसूतक, जातिसूतक ही पाचही सूतके लिंगधारी देहाला नाहीत, ही आपल्या धर्माची शिकवण आहे. लहान मुलांना आपण ती तोंडपाठ करवून घेतो. गर्भातल्या बाळाला सातव्या-आठव्या महिन्यात लिंगसंस्कार करण्याची रीत आपल्यात आहे. जे लिंग गर्भाला चालते ते बाळंतिणीला चालत नाही, हे कोणत्या वचनात लिहिले आहे? शेजारच्या घरात पाळतात म्हणून आपण पाळतो, एवढेच. आम्ही हे सासूबाईंना दोष देण्यासाठी लिहीत नाही. त्यांनाही त्यांच्या बाळंतपणात कोणीतरी असेच उठवले असेल. पण ज्या मठांचे प्रवचनकार पंचसूतकांवर तासभर बोलतात आणि बाळंतिणीच्या खोलीपर्यंत तो विषय नेत नाहीत, त्यांचा दोष आहे. त्यात आम्ही आलो.

आता घरच्या शाळेविषयी.

त्या बाईला वाटत होते की घरी शिकवणे हा तिच्या गरिबीचा, आडरानातल्या वस्तीचा कमीपणा आहे. तिला आम्ही अक्कनागम्मांची आठवण दिली. परंपरा सांगते की बालपणी बसवण्णांनी मुंजीला नकार दिला तो बहिणीला तो संस्कार का नाही, असे विचारून. जिला जानव्याचा अधिकार नाही, वेदपठणाचा अधिकार नाही, अशा घरातली ती मुलगी. तिच्या मांडीवर वाढलेले मूल पुढे षट्स्थलाचे सर्वात मोठे जाणकार झाले, 'करणहसुगे' यांच्या नावावर आहे. ही शाळा कोणत्या इमारतीत भरली होती? बसवण्णांच्या महामनेत. तेथे रोज जंगमांची पंगत, दासोहाची व्यवस्था अक्कनागम्मांकडे, असे परंपरेत सांगतात. म्हणजे लेकरू, शिकवणे आणि चूल ही तिन्ही कामे त्यांच्याही वाट्याला आली होती, आणि पंगत घरच्या सात-आठ माणसांची नव्हती.

पण येथेच थांबून चालणार नाही, नाहीतर आम्ही पुन्हा तीच चूक करू. थोर स्त्रीचे उदाहरण द्यायचे आणि दमलेल्या स्त्रीला आणखी दमवायचे, हा धंदा सोपा आहे. अक्कनागम्मांनी ते मूल एकटीने वाढवले नाही. महामनेच्या दारातून कोण आत येत नव्हते? दोर वळणारे चंदय्या, कपडे धुणारे माचय्या, नाव वल्हवणारे चौडय्या, चांभारकाम करणारे हरळय्या. लहान चन्नबसवण्णांनी शब्द मामाकडून ऐकले असतील, पण दोराला पीळ किती द्यायचा, मळ कसा निघतो, नाव प्रवाहात कशी वळवायची, हे ज्यांच्या हातांना ठाऊक होते ती माणसे रोज त्यांच्या पंगतीला होती. घरची शाळा ती होती, पण दार उघडे असलेल्या घराची.

म्हणून त्या बाईला आम्ही म्हणालो, "अक्का, तू शिकवतेस ते चांगलेच. पण दार लावून शिकवू नकोस. तू एकटी पाच मुलांना पाच इयत्ता शिकवू शकणार नाहीस, आणि शिकवायचे कारणही नाही."

तिचा नवरा बैलांच्या वेसणी तपासत होता. त्याला हाक मारली. तो जरा संकोचून आला. "मला कुठं येतं शिकवायला, अप्पाजी? आठवीत शाळा सोडली मी."

"गुंठा म्हणजे किती?"

"तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद."

"आणि एकर?"

"चाळीस गुंठे." तो क्षणभरही थांबला नाही.

"मग मधल्या मुलाला दोरी देऊन शेतात ने आणि एक गुंठा आखायला लाव. तेहतीस गुणिले तेहतीस त्याला पाटीवर येत नसेल, पायाने येईल. क्षेत्रफळ हा धडा झाला. बाजाराच्या दिवशी वजनाचा हिशेब त्याला करू दे. हे तुला येते. तिला येत नाही."

असे म्हटल्यावर तो पहिल्यांदा बायकोकडे बघून हसला.

वचनांच्या बाबतीतही एक गोष्ट सांगायला हवी. घरी शिकवणाऱ्या भाविक आया वचनांचे शुद्धलेखन घालतात, चुकले तर दहा वेळा लिहवून घेतात. असे करू नये. वचन हे बोललेले आहे, नावाप्रमाणेच. ते मुलाच्या कानावर पडू द्यावे, कामात पडू द्यावे. मराठवाड्यातल्या कित्येक घरांत मन्मथस्वामींच्या 'परमरहस्या'चे पारायण ऐकत मुले वाचायला शिकली, कोणी त्यांना मारून शिकवले नाही. ज्या वचनासाठी मूल रडले ते वचन मोठेपणी त्याच्या कामाला येत नाही.

व्यवहाराची गोष्ट थोडक्यात. २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क देतो. म्हणजे जवळच्या शाळेचे दार तुमच्या मुलाला केव्हाही उघडे आहे, मधूनच जायचे झाले तरी वयाप्रमाणे वर्गात घेतले पाहिजे आणि मागे पडला असेल तर त्याची वेगळी तयारी करून घेतली पाहिजे. जी मुले घरीच शिकली, त्यांच्यासाठी १९८९ साली स्थापन झालेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्था आहे. तिच्या मूलभूत शिक्षणाचे तीन टप्पे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे धरतात, आणि वयाची १४ वर्षे पूर्ण झाल्यावर दहावीच्या परीक्षेला बसता येते. कागद हातात नसला तर घरच्या शाळेतले सगळे शहाणपण नोकरीच्या दारात अडते. आईने हे विसरू नये. शक्य असेल तेथे शाळाही असावी आणि घरही असावे, असे आमचे मत आहे. ज्या मुलाला हसले म्हणून ते परत गेले नाही, त्याला एकदा बापाने स्वतः हात धरून शाळेत घेऊन जावे आणि गुरुजींशी शांतपणे बोलावे. हे आम्ही त्या नवऱ्यालाही सांगितले. तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

एवढे बोलणे होईपर्यंत आमची नजर वारंवार त्या थोरल्या मुलीकडे जात होती. तिने भांडी घासून झाकून ठेवली. भावाची विस्कटलेली पिशवी भरली. धाकटीची वेणी घातली. आईच्या कडेवरचे मूल रडू लागले तेव्हा कोणी न सांगता ती आली, त्याला घेऊन गेली, खांद्यावर थोपटत फिरू लागली. आई बोलण्यात गुंतली होती; मूल हातातून गेले हे तिला जाणवलेसुद्धा नाही.

आम्ही विचारले, "थोरली कितवीत?"

"ती फार गुणाची आहे, अप्पाजी. सगळं बघते. तिच्यामुळेच माझं चाललंय."

"कितवीत?"

बाई थांबली. "सातवीचं पुस्तक काढलं होतं. मागच्या पावसाळ्यात धाकटा झाला ना..."

पुढचे तिने बोलायची गरज नव्हती. सद्भक्त हो, लेकुरवाळीच्या घरात हे नेहमी असेच घडते आणि कोणी वाईट हेतूने करत नाही. आईला वेळ नसतो तेव्हा तो कुठून तरी येतो, आणि तो येतो थोरल्या मुलीच्या वाट्यातून. आईची लिंगपूजा गेली हे निदान आईला कळते आणि ती रडते. मुलीचे पुस्तक गेले हे कोणालाच कळत नाही, कारण तिचे कौतुक होत असते. आपण दासोहाचा महिमा गातो. दासोह म्हणजे स्वतःचे जे आहे ते देणे. लेकीचे बालपण हे आईच्या मालकीचे नाही. ते आईला कोणाला देता येत नाही, भावंडांनाही नाही.

हे कठोर होते. आम्ही ते हळू आवाजात सांगितले, तरी कठोरच होते. बाईच्या डोळ्यांतून पाणी आले. ती म्हणाली, "मग मी काय करू? तिला पुस्तक दिलं तर माझी पूजा पुन्हा गेली. पूजा धरली तर तिचं पुस्तक गेलं. दोन हात आहेत मला."

पुन्हा अज्जीच बोलल्या. त्यांनी सुपारी तोंडात टाकली आणि नवऱ्याकडे बोट केले. "त्याला किती आहेत?"

या वेळी कोणी हसले नाही.

त्या दुपारी एवढेच ठरले. पहाटेची धार नवरा काढील. अकरा आणि नऊ वर्षांचे दोन्ही मुलगे आपापली ताटे स्वतः घासतील, आजोबांचे ताट आणि औषध थोरला मुलगा बघेल. मुलग्यांनी घरकाम करण्यात कमीपणा नाही, हे त्यांना माचय्यांच्या गावच्या कथा सांगून नव्हे, भांडी हातात देऊन शिकवावे. पहाटे बाई स्नान करून अर्धा तास लिंग घेऊन बसेल. त्या अर्ध्या तासात मूल उठले तर बापाने घ्यावे, मुलीने नव्हे. हे आम्ही दोनदा सांगितले. संध्याकाळी चुलीपाशी आई असताना थोरलीने दिव्याखाली पुस्तक घेऊन बसावे, आणि त्या वेळी तिला पाण्याचा तांब्याही मागायचा नाही. एखाद्या दिवशी पूजेला अर्ध्या तासाऐवजी दहाच मिनिटे मिळाली तर दहा मिनिटे. षडक्षरी मंत्र तेवढ्यातही होतो. एखाद्या दिवशी मुळीच झाली नाही तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करायची नाही, शिक्षा म्हणून उपास करायचा नाही, नुसते पुन्हा बसायचे. लिंग रुसत नाही. चंदय्यांच्या कथेत तर तेच मागे मागे आले होते.

हे सगळे त्या घरात टिकेल का, याची खात्री आम्ही देऊ शकत नाही. सासूबाई यात्रेला आल्या नव्हत्या. विटाळाचा प्रश्न घरी गेल्यावर उभा राहणारच. बाईने तेही विचारले. आम्ही म्हणालो, आमचे नाव सांग, मठाचे नाव सांग, आणि तरी ऐकले नाही तर निरोप पाठव, आम्ही स्वतः येऊ. प्रवचनासाठी दहा गावे फिरतो, एका स्वयंपाकघरासाठी एक गाव फिरायला काय हरकत आहे?

अक्कनागम्मा उळवीत राहिल्या नाहीत. चन्नबसवण्ण उळवीत लिंगैक्य झाले आणि त्यांची आई पुढे दक्षिणेला गेली. तरीकेरेजवळ एण्णेहोळेच्या काठी त्यांचे ऐक्य झाले, आणि त्या वाटेवर नुलिय चंदय्या त्यांच्यासोबत होते, अशी परंपरा आहे. ज्यांची कथा आम्ही त्या बाईला चुकीच्या वेळी सांगितली तेच चंदय्या. मुलगा गेलेला, भाऊ गेलेला, कल्याण उजाड झालेले; आणि ही वृद्ध स्त्री दोर वळणाऱ्या त्या शरणाबरोबर रानातून चालली आहे. तिच्या पंधरा वचनांपैकी किती त्या वाटेवर झाली, किती महामनेच्या चुलीपाशी झाली आणि किती झालीच नाहीत, हे कोणी लिहून ठेवलेले नाही.

आम्ही उठलो तेव्हा गाड्या जुंपायची घाई चालली होती. अंधार पडायच्या आत हे रान ओलांडायला हवे, असे पुढच्या गाडीतले लोक ओरडून सांगत होते. तेवढ्यात ती बाई नवऱ्याशी काहीतरी बोलली. त्याने थोरलीच्या खांद्यावरचे झोपलेले मूल घेतले, आणि आपल्या गाडीच्या बैलांचे जू पुन्हा उतरवले. पुढच्यांनी विचारले, काय झाले? तो म्हणाला, "घरचं माणूस पूजेला बसलंय."

ओढ्याच्या पाण्याने हातपाय धुऊन ती झाडाआड बसली होती. कोणीतरी बेलाची पाने आणून दिली. थोरली मुलगी मोकळे हात घेऊन गाडीच्या चाकाला टेकून उभी होती. त्या हातांचे काय करावे हे तिला काही वेळ कळत नव्हते. मग ती अज्जींपाशी जाऊन बसली आणि त्यांच्या पिशवीतले वचनांचे जुने पुस्तक काढून, कुठलेही एक पान उघडून, अक्षर लावत वाचू लागली. त्या दिवशी आमच्या गाड्या कुळगीहून अर्धा तास उशिरा निघाल्या.